जावळाची कॅसेट

बडनेऱ्यात नासिरच्या दुकानातल्या टीव्हीवर बाया शिवमला हाका मारत होत्या आणि शिवम कुणाकडेच पाहत नव्हता. देवीदासने खांद्यावरची बॅगही अजून उतरवली नव्हती. अकोल्याच्या पॅसेंजरने उतरावं, दुकानात डोकावून सीडी घ्यावी आणि अमरावतीचा ऑटो धरावा, एवढाच त्याचा बेत होता. नासिर लग्नांचं, बारशा-जावळांचं शूटिंग करायचा. जुन्या कॅसेटींना बुरशी धरू लागली म्हणून सध्या तो त्या सीडीवर उतरवत बसला होता, आणि त्याने निरोप धाडला होता की डॉक्टरसाहेब, तुमच्या पोराच्या जावळाची कॅसेट निघाली, दुसऱ्याच कुणाच्या लग्नाच्या खोक्यात गेली होती. ही कॅसेट हरवली म्हणून देवीदासची बायको जमुना मागे एकदा दुकानात येऊन नासिरशी कडाकडा भांडून गेली होती. आता सीडी तिच्या हातात ठेवावी, निदान एक संध्याकाळ घरात बरी जाईल, अशा विचाराने देवीदास आला होता. पडद्यावर जमुनाच्या माहेरचं, चांदूर रेल्वेचं अंगण होतं. तिचा थोरला भाऊ चंद्रभान पाटावर मांडी घालून बसला होता आणि त्याच्या मांडीवर सव्वा वर्षाचा शिवम. न्हावी वस्तरा पाजळत होता. कुणी "शिवम, ए शिवम, इकडं पाह्य" म्हणालं, कुणी खुळखुळा वाजवला, कुणी टाळी. शिवमची नजर मांडवाला टांगलेल्या कागदी चक्रीवर होती. वाऱ्याने ती गरगरत होती. शेवटी चंद्रभानने हनुवटी धरून त्याचं तोंड कॅमेऱ्याकडे वळवलं, आणि हात काढल्याबरोबर ती इवलीशी मान पुन्हा चक्रीकडे गेली. नासिर म्हणाला, लाईट जायची वेळ झाली साहेब, पुरी पाहून घ्या.

ती मान देवीदासच्या ओळखीची होती. घरी रोज तो तीच पाहत होता, आता सात वर्षांच्या पोराच्या खांद्यांवर. पण ती या अंगणात असायला नको होती. ही मान लसीच्या सुयांनंतरची आहे असं त्याचं घर सहा वर्षं मानत आलं होतं. शिवम महिन्याचा असताना तापाने फणफणला होता, तेव्हा देवीदासच्या आईने, सुंदराबाईने, अंबादेवीला बोलून टाकलं होतं की पोरगं वाचव, जावळ निघेपर्यंत त्याच्या अंगाला लोखंड लागू देणार नाही. पहिलं लोखंड न्हाव्याच्या वस्तऱ्याचं, मग बाकीचं. सुई लोखंडाचीच. देवीदास अकोल्याच्या मेडिकल कॉलेजात पोरांकडून लसीकरणाचं वेळापत्रक घोकून घ्यायचा आणि घरी आईपुढे तोंडात गुळणी धरून बसायचा. जावळ झालं, आणि त्याच आठवड्यात त्याने शिवमला उचलून नेलं आणि राहिलेल्या लसी एकदमच टोचवून घेतल्या. त्यात चुकीचं काही नव्हतं, पुस्तकात तसंच सांगितलेलं होतं. जमुना मात्र नको म्हणत होती, एवढ्याशा जिवाला एकदम एवढ्या सुया नका देऊ म्हणत होती, आणि तो हसला होता. ते हसणं जमुना विसरली नाही. पुढे शिवम बोललाच नाही, नावाला ओ देईना, पंख्याखाली उताणा पडून तासन् तास वर बघत राहू लागला, तेव्हा तिने सगळं खापर त्या सकाळीवर फोडलं. तिचं म्हणणं सरळ होतं आणि त्याला साक्षीदार होते. जावळाच्या दिवशी चंद्रभानच्या मांडीवर बसून शिवम 'मामा' म्हणाला होता. अंगणातल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. चंद्रभान अजूनही दिवाळीला आला की जेवता जेवता घास हातात धरून सांगायचा, माह्या कानानं ऐकलं, भाऊसाहेब, साफ म्हनला थो. मग सुया, आणि मग गप्प.

आणि आता तो शब्द आला. वस्तऱ्याचा पहिला हात डोक्यावरून फिरला, शिवम रडायला लागला, आणि त्याच्या मागून हिरव्या लुगड्यातली एक बाई वाकली. ही जमुना होती, ओळखू येऊ नये इतकी तरुण, गालांवर हसू सांडलेली. तिने शिवमच्या डोक्यामागे तोंड नेलं आणि बोबडा, नाजूक आवाज काढून म्हणाली, "मामा, मले दुकते ना मामा, हलू." बाया खो खो हसल्या. चंद्रभान म्हणाला, म्हनला वो म्हनला, भाचा मामा म्हनला. त्यात फसण्यासारखं काही नव्हतं. घरोघरी आया अशाच बोलतात, लेकराच्या वतीने, लेकराच्या आवाजात, आणि समोरचाही त्याच लाडाने लेकरालाच उत्तर देतो. त्या दिवशी अंगणातल्या एकालाही शंका नव्हती की बोलली ती जमुना. शिवमचे ओठ रडण्यापुरते उघडत होते आणि रडता रडताही तो चक्रीकडे बघत होता. पुढे कधीतरी, रडून रडून जागवलेल्या कितीतरी रात्रींत, तो आवाज आईच्या तोंडातून निघून पोराच्या तोंडात जाऊन बसला असला पाहिजे. कुणी तो मुद्दाम तिथे नेला नव्हता. देवीदासने स्वतःही तो तिथेच ऐकला होता. आत्ता दुकानात शिरेपर्यंत, कुणी विचारलं असतं तर, त्यानेही शपथेवर सांगितलं असतं की पोरगा मामा म्हणाला. त्याला आधी स्वतःचीच भीती वाटली.

ऑटोत तो मागे कोपऱ्यात बसला. सीडी बॅगेत होती आणि बॅग मांडीवर. कॉलेजात तो करत असलेला लसींचा अभ्यास जमुनानेच त्याला करायला लावला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द उच्चारला त्या दिवशी परतीच्या गाडीतून बडनेऱ्याच्या फलाटावर उतरल्यावर ती शिवमचा हात न सोडता म्हणाली, "तुमी डॉक्टर आहा ना? मंग शोधून काढा. वेळ चुकली म्हनून झालं का, एकदम देल्या म्हनून झालं, शोधा." मग त्याने शोधलं. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतली अशी मुलं, त्यांच्याच वयाची, त्यांच्याच वस्तीतली दुसरी मुलं, कुणाला कोणती लस कधी मिळाली आणि कोण कधी मुकं झालं. विभागप्रमुखांना हा विषय म्हणजे चोचले वाटत होते. त्या वर्षांत वऱ्हाडात विचारायचा प्रश्न एकच होता, शेतकरी विष का पितात, आणि तो विचारायला गावागावांत पथकं फिरत होती. वरूडकडच्या एका गावात देवीदास फाटकात उभा राहिला तर ओट्यावरची बाई तिथूनच म्हणाली, "विषाचं इचारनारे मंगळवारीच येऊन गेले. तुमी कायचे?" सुईचं विचारायला आलो म्हटल्यावर तिचा चेहरा सैल झाला, तिने पाणी आणून दिलं. नंतर कुठेतरी टेबलाभोवती बसून माणसं ठरवत की हे मरण सरकारी मदतीला पात्र आणि ते अपात्र, आणि हे दोन शब्द तेव्हा चहाच्या टपरीवरही बोलले जात. देवीदासला हळूहळू दिसायला लागलं की त्याच्यापुढे बसलेली प्रत्येक आईही तेच मागते आहे. आपल्या दुःखाला एक धड कारण मिळावं, कुणीतरी ते पात्र म्हणून मान्य करावं. अकोल्यात ताजनापेठेमागच्या गल्लीत नगमा नावाची बाई शिवणकाम करायची. नवऱ्याच्या कामापायी तिची सतत फिरती, त्यामुळे तिच्या उसामाला एकही लस मिळालेली नव्हती. आणि उसामा म्हणजे शिवमचा सख्खा भाऊ शोभावा, तशीच मान, तसंच बोटांच्या फटींतून उजेडाकडे बघणं. तुम्हाला काय वाटतं, कशाने झालं, असं त्याने विचारलं तेव्हा नगमा मशीनवरच्या कापडाकडे बघत म्हणाली, "गिरहनाच्या दिवशी मी कैंची चालवली, डॉक्टरसाब. पोटात होता हा. अम्मीनं मना केलं होतं, पन गिऱ्हाइकाचं ब्लाऊज देणं होतं." तिच्याजवळ सुई नव्हती, तर तिने कैची शोधली होती. देवीदास तिला म्हणाला की कैचीचा काही संबंध नाही, आणि ती अदबीने हो म्हणाली, जसं डॉक्टरला म्हणतात.

आकडे हाती येऊन बरेच दिवस झाले होते. वेळेवर टोचलेली मुलं, उशिरा टोचलेली, एकदम टोचलेली, मुळीच न टोचलेली, कुठे काही फरक नव्हता. परदेशांत मोठमोठ्या अभ्यासांतून हेच निघालेलं होतं, त्याच्या लहानशा अभ्यासातूनही तेच निघालं. त्याने घरी सांगितलं नाही. जमुना विचारायची आणि तो म्हणायचा, अजून तपासतो आहे. मघाशी जमुनाचं ते तरुण तोंड बघेपर्यंत त्याला वाटत होतं की आपण तिच्या भांडणाला भितो. आकड्यांवर तिचा विश्वास बसणार नव्हता हेही खरंच होतं. तुमचे आकडे तुमच्यापाशी, माह्या लेकराचा शब्द माह्यापाशी, असं ती म्हणाली असती. आणि इकडे धाकटी आचल वर्षाची होऊन गेली होती. शिवमनंतर इतक्या वर्षांनी, नको नको म्हणता झालेली ही पोर, आणि तिच्या बाबतीत जमुनाची अट एकच होती. तुमचा अभ्यास पुरा होईस्तोवर हिले सुई नाही. या वेळी नवस नव्हता, सासू वारली होती, पण लोखंड तेच होतं. ऑटो घराजवळ आला तेव्हा मागच्या गल्लीतल्या एका दाराला कडुनिंबाचा डहाळा खोवलेला दिसला. परवा तो पलीकडच्या गल्लीत होता. ज्या घरात गोवर निघतो त्या दाराला लोक निंब लावतात, आणि निंब त्याच्या घराकडे दारोदारी चालत येत होता. काल कॉलेजच्या वॉर्डात गोवरानंतर न्यूमोनिया झालेलं एक पोर त्याच्या डोळ्यांदेखत गेलं होतं. ते आचलच्याच वयाचं होतं आणि त्याच्याही आईने सुई पुढे ढकलली होती. देवीदासला आता नीट कळत होतं की बॅगेत जे आहे त्यावर जमुना विश्वास ठेवेल. तिचं स्वतःचं तोंड आहे त्यात. आणि तेच दाखवून तो तिच्याजवळचा शिवमचा एकुलता एक शब्द काढून घेणार होता.

घरी लाईट नव्हती. भारनियमनाची वेळ म्हणजे शिवमच्या किंचाळण्याची वेळ. पंखा थांबला की तो जमिनीवर टाचा घासत ओरडायचा, आणि जमुना पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन त्याच्या डोळ्यांसमोर गोल गोल फिरवत बसायची. आताही ती तशीच बसली होती, एका हाताने पुठ्ठा फिरवत, दुसऱ्या हाताने मांडीवरच्या आचलला धरून. एकेकाळी ती शाळेत गणित शिकवायची. देवीदासला पाहून तिने आचलचा हात हलवला आणि बोबड्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुमी उशीर काहून केला, दादा कितीचा रडून राहिला." त्याला ते ऐकवेना. तो मोरीवर जाऊन उगीचच तोंड धूत राहिला. आपण आज दाखवलं नाही तर कोण विचारणार आहे, सीडी पुन्हा हरवू शकते, अभ्यास पुरा झाला असं नुसतं सांगून पाहू, रागावून, हातापाया पडून, काहीतरी करून आचलला नेऊ, असं सगळं त्याच्या मनात येऊन गेलं. पण आचलला सुई देऊ या असं नुसतं सांगून गेल्या वर्षभरात काय झालं होतं? बाहेर येऊन तो म्हणाला की नासिरकडे जावळाची कॅसेट सापडली. जमुनाचा फिरणारा हात थांबला. शिवम जोरात ओरडला तसा तो पुन्हा फिरू लागला, पण तिचं तोंड उजळलं होतं. आता कळेल तुमाले, ती म्हणाली. त्या सुरात जिंकल्याचा आनंद होता आणि देवीदासला तिची कीव आली. मग दोघंही लाईटची वाट बघत बसले. उन्हं कलली, शेजारच्या गच्चीवरची वाळवण कुणीतरी गोळा केली, आणि जमुना मधूनच हसून म्हणायची, तुमी तर म्हनत होते मले भास होते.

लाईट आली, पंखा फिरला, शिवम एकदम शांत होऊन उताणा झाला. देवीदासने सीडी लावली. तो टीव्हीकडे न बघता जमुनाकडे बघत होता. आधी ती आपल्या माहेरच्या अंगणाला हसली, वारलेल्या आत्याला पाहून चुकचुकली, शिवमच्या कुरळ्या जावळाकडे बघून तिने मांडीवरच्या आचलचं डोकं कुरवाळलं. बायांच्या हाका सुरू झाल्या. खुळखुळा वाजला. चंद्रभानने हनुवटी वळवली आणि मान परत गेली. जमुनाचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्यामागून जमुना निघून गेली. मग तिचाच आवाज आला, मामा, मले दुकते ना मामा. बाया हसल्या. ती म्हणाली, मागं घ्या. त्याने मागे घेतलं. पुन्हा मागं घ्या म्हणाली, पुन्हा घेतलं. नंतर तिने पुढचं सगळं पाहिलं, ओवाळणं, नारळ, पंगत. पंगतीत एका जागी, कॅमेरा दुसरीकडे असताना, वहिनीशी बोलणारा तिचा आवाज मागून ऐकू येत होता की हा असाच करते वहिनी, आवाज देला तं पाहत नाही, कानाच्या डॉक्टरले दाखवावं म्हनते मी. हे देवीदासने दुकानात ऐकलं नव्हतं, तोवर लाईट गेली होती. म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं. सुया लागायच्या आधी, अंगणात तोरण असताना, तिच्या आतल्या आईला कळून चुकलं होतं, आणि मग सहा वर्षं तिने ते कळणं पुरून टाकून त्यावर ती सकाळ बांधली होती.

"मीच बोलली," जमुना म्हणाली.

त्याने अभ्यासाचं सांगितलं. हळूहळू, शाळेतल्या पोरांना सांगावं तसं, नगमाच्या उसामाचंही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"सुईनं नाही केलं, तं मंग कोनं केलं?"

"कोणीच नाही."

"असं कसं कोनीच नाही?"

पूर्वी ती अशा वेळी ओरडायची, त्याच्या डॉक्टरकीचा उद्धार करायची, आणि तो मान खाली घालून ऐकायचा. ती ओरडावी म्हणून तो आता वाट बघत होता. ती ओरडली नाही. तेव्हा त्याला उमगलं की गुन्हेगार म्हणून राहण्यात त्याचंही बरं चाललं होतं. आपण केलं असेल तर ते न करणंही आपल्या हातात होतं. मग कुठेतरी मागे एक सकाळ होती जिच्या अलीकडे शिवम मोडलेला आणि पलीकडे धडधाकट, बोलका, मामाच्या मांडीवर हसणारा. त्या शिवमला दोघंही सहा वर्षं जपत आले होते, एक रागाने आणि एक लाजेने. आज संध्याकाळी तो मेला होता, आणि मेला तरी कसा म्हणणार, तो कधी नव्हताच. पंख्याखालचा हा तेवढा होता. देवीदासला रडू आलं आणि ते त्याने लपवलं नाही. जमुनाने पाहिलं आणि ती उठून आचलला दूध पाजायला आत गेली.

सकाळी जमुना आपणहून आचलला न्यायला तयार झाली. आरोग्य केंद्रावर नर्सने आचलच्या गालाला हात लावून विचारलं, तुजं नाव काय वो बाई, आणि देवीदास सवयीने थांबला, आता जमुना बोबडं बोलेल म्हणून. जमुना ओठ मिटून उभी राहिली. नर्सने वाट बघून पुन्हा विचारलं, मग त्यानेच नाव सांगितलं. सुई टोचली, आचल किंचाळली आणि रडतच आईच्या गळ्यात शिरली, आणि जमुनाने तिचं तोंड दोन्ही हातांनी धरून, तिच्या डोळ्यांत नको इतका वेळ पाहिलं. रस्त्यात देवीदासला हायसं वाटलं. निंबाचा डहाळा आता कुठल्याही दाराला लागो, त्याचं दार त्यातून सुटलं होतं. निदान एवढं तरी आपण वाचवलं असं तो मनाशी म्हणत होता, आणि ते खरंही होतं.

संध्याकाळी आचल चटईवर वाटी-चमचा घेऊन बसली होती. जमुना स्वयंपाकघराच्या दारात आली आणि म्हणाली, "आचल." पोरीने मान वळवून पाहिलं, दात दाखवून हसली. जमुना आत गेली, परत आली. "आचल." पुन्हा मान वळली. मग ती पोरीच्या मागे जाऊन उभी राहिली, मग खिडकीपाशी, मग पलंगाच्या आडून, आणि दर वेळी एकच हाक, त्यात लाड नाही, बोबडेपणा नाही, नुसतं नाव. देवीदास पेपर धरून बसला होता. त्याला तिला थांबवायचं होतं. इतक्या दिवसांत सुईमुळे तिच्या भीतीला निदान एक जागा होती, एक तारीख होती. आता ती सबंध घरभर मोकळी सुटली होती. आचल दमली होती, अंगात थोडी कणकण असावी, आणि हाकेमागे काहीच मिळत नाही हे तिच्याही ध्यानात आलं असावं. "आचल," जमुना म्हणाली. आचलने चमचा वाटीत टाकला, काढला, पुन्हा टाकला. "आचल." चमचा वाजला. "आचल." जमुनाचा आवाज चढला. कंटाळलेलं पोर वळून बघत नाही, कुठलंही निरोगी पोर बघत नाही, देवीदासने हे कितीतरी आयांना समजावून सांगितलं होतं, आताही त्याने फक्त तोंड उघडून एवढंच सांगायचं होतं. पंखा फिरत होता, त्याखाली शिवम निवांत पडला होता. ते सांगायचं सोडून देवीदासने पेपर बाजूला ठेवला, चटईकडे सरकला, आणि पोरीच्या पाठीमागून, जमेल तितक्या साध्या आवाजात, हाक मारली, "आचल." मग थोडं थांबून पुन्हा मारली.